वरच्या खोलीपर्यंतची ऊब

१४ ऑक्टोबर

दैनंदिनी लिहिणं हा माझा स्वभाव नाही. पण प्रकल्प म्हटला की नोंदी हव्यात, ही आयुष्यभराची शिस्त. कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग तपासण्यात बावीस वर्षं काढली, ती काय उगाच? ऑगस्टमध्ये कारखान्याने आमची अख्खी लाइन परदेशात हलवली आणि केक कापून आम्हाला निरोप दिला. त्याबद्दल मला काही वाटत नाही. इथे तो विषय संपला.

प्रकल्प: बैठकीच्या खोलीत लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवणे.

कारण: मोहन. मोहन हा नीनाचा धाकटा भाऊ. मेडनहेडला राहतो, क्लाउडमध्ये काहीतरी करतो. सासूबाई नागपूरहून आल्या आहेत, मार्चपर्यंत आहेत, आणि अर्धा हिवाळा आमच्याकडे कॉव्हेंट्रीत, अर्धा त्याच्याकडे असं ठरलं होतं. काल त्याचा फोन आला. नीनाने स्पीकरवर टाकला.

"ताई, आईला पुढच्या महिन्यातच इकडे पाठव. तुमच्या वरच्या खोल्या म्हणजे फ्रीज. आमच्याकडे अंडरफ्लोअर हीटिंग आहे, आई अनवाणी फिरेल."

अनवाणी! जणू सासूबाई इथे बूट घालून झोपतात. (लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घालतात, ती गोष्ट वेगळी.)

फोन ठेवल्या ठेवल्या मी नीनाला म्हणालो, "आपली बुजवलेली फायरप्लेस उघडू. तिथे स्टोव्ह बसवू. घर असं तापवतो की मोहन इथे येऊन राहील."

मला वाटलं होतं आठवडाभर तरी वाद होईल. नीनाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कर, शशी. नक्की कर."

माझ्या मुद्द्यांत दम असावा.

सासूबाई गेल्या तर खरं म्हणजे घर मोकळं होईल, टीव्ही माझ्या ताब्यात येईल. प्रश्न त्याचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

२१ ऑक्टोबर

एक अडचण लिहून ठेवतो. सासूबाईंना कारखान्याचं सांगितलेलं नाही. वय एक्याऐंशी, उगाच जिवाला घोर. मी वर्क फ्रॉम होम करतो असं सांगितलंय. त्यामुळे नीना चष्म्यांच्या दुकानात कामाला गेली की मला कॉलरचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसावं लागतं. कानाला हेडफोन. मधूनमधून "येस, येस, एक्झॅक्टली" म्हणतो. तेवढ्यात स्टोव्हची माहिती वाचून होते, वेळ वाया जात नाही.

सासूबाईंना शंका नाही. पावलं न वाजवता येतात, चहा ठेवतात, जातात. आज म्हणाल्या, "तुमचे साहेब फार बोलतात हो, शशिधरराव. तुम्हीही सुनवा की कधी."

मी म्हणालो, "सुनवीन, आई."

नंतर लक्षात आलं, चार्जर वरच राहिला होता आणि लॅपटॉप केव्हाचा बंद पडला होता. स्क्रीन काळी. सुदैवाने त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

५ नोव्हेंबर

स्टोव्ह बसला! दोन माणसं आली, धुराड्यातून वरपासून खालपर्यंत स्टीलचा पाइप सोडला, खाली काळ्या दगडाची पाटी घातली, तिच्यावर हा काळाभोर, चार पायांचा, काचेच्या दाराचा ऐवज ठेवला. आमच्या भागात कौन्सिलने धूर करायला बंदी घातलेली आहे, म्हणून परवानगी असलेलंच मॉडेल घेतलं. विषारी वायूचा अलार्मही लावून गेले.

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. "स्टोव्ह म्हणताय, मग याला पिन कुठे मारायची? आणि पंप?"

"आई, हा रॉकेलचा नाही. लाकडाचा."

"म्हणजे चूलच की. आमच्या आईने ती घराबाहेर काढायला वडिलांशी दोन वर्षं अबोला धरला होता. तुम्ही विकत आणलीत?"

त्यांना आधुनिक ज्वलनाचं तंत्र समजावून सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "काचेतून छान दिसतं मात्र." तंत्र पटलं असावं.

८ नोव्हेंबर

लाकूड. शेजारच्या कीथने, निवृत्त बस ड्रायव्हर आहे तो, कुंपणाचं उंच झाड पाडलं आणि म्हणाला, घेऊन जा. फुकटचं लाकूड! तीन फेऱ्यांत सगळं आणून रचलं. कंबर धरली. काल दुपारी पेटवलं तर ते पेटेना, नुसतं शूं शूं करत कडेने पाणी गाळू लागलं. मग दार उघडून फुंकर मारली. तिथे चुकलं. धूर बाहेर, अलार्म टिपेला, सासूबाई बागेत, कीथ कुंपणावर.

संध्याकाळी नीनाच्या केसांना, कोटाला, डब्याच्या पिशवीलासुद्धा वास. आज तिच्या दुकानात डोळे तपासताना ती एका म्हातारबाबांच्या तोंडाजवळ वाकली, तर ते म्हणाले, "माय डिअर, तुला बेकनचा वास येतोय." जन्मभर शाकाहारी बाई! रात्री भाजी वाढताना तिने डाव जरा जोरात आपटला, एवढंच.

ओल्या लाकडाचा निष्कर्ष: वापरू नये.

११ नोव्हेंबर

ओलावा मोजायचं यंत्र मागवलं. दोन सुया खुपसायच्या, आकडा दिसतो. वीसच्या खाली हवा. कीथचं लाकूड: यंत्राला आकडाच सुचेना. भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या गोण्या मागवल्या, ते झकास. यंत्र हातात आहे म्हणून जिन्याचा कठडा, खिडकीची चौकट, पोळपाटही तपासला. सासूबाईंच्या बेसनाच्या लाडवात खुपसून पाहत होतो, तेवढ्यात त्या आल्या.

"काय म्हणतोय लाडू?"

"चांगला वाळलाय, आई."

"तूप कमी पडलं म्हणा ना सरळ." आणि हसल्या. तीस वर्षांत त्यांना हसताना पाहिल्याचं मला आठवत नाही. म्हणजे, माझ्यासमोर. लग्नात मी त्यांना पसंत नव्हतो, हे मला नीनाच्या मावशीने पंगतीतच सांगितलं होतं.

१६ नोव्हेंबर

आता स्टोव्ह उत्तम पेटतो. बैठकीच्या खोलीत मे महिना आहे. नीना बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये बसते. पण वर मात्र पौष. सासूबाई झोपताना माकडटोपी, मफलर, स्वेटर आणि त्यावर शाल अशा असतात की चेहरा शोधावा लागतो. उष्णता वर जाते, हे शाळेत शिकलो. आमच्या घरातली उष्णता जिन्याशी येऊन थांबते.

तरीही आज निर्णय घेतला. अर्धवट काम करायचं नाही. हॉलमधला सेंट्रल हीटिंगचा थर्मोस्टॅट बंद केला आणि कुणाचा हात लागू नये म्हणून त्याच्यावर जाड चिकटपट्टी मारली. आता गॅसचा बॉयलर फक्त आंघोळीचं पाणी तापवेल, खोल्यांतल्या रेडिएटरचं नाही. घर लाकडावर.

नीना म्हणाली, "शशी, आईचं काय?"

"मला आठवडा दे."

नीना आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. मायलेकींचा माझ्यावर विश्वास आहे, हे पाहून बरं वाटलं.

२२ नोव्हेंबर

मोहनचा फोन. "भाऊजी, शनिवारी आईला न्यायला येऊ का?" मी म्हणालो, प्रयोग सुरू आहे. तो म्हणाला, आईवर? मी फोन नीनाकडे दिला.

स्टोव्हवर ठेवायचा पंखा आणलाय. वीज लागत नाही, स्टोव्हच्याच उष्णतेवर फिरतो आणि गरम हवा ढकलतो. तोंड जिन्याकडे केलं. वर फरक शून्य. आज जरा निराश आहे. सकाळी टेबलाशी बसलो तेव्हा हेडफोनही लावला नाही. नुसता बसलो. सासूबाईंनी चहा आणला, समोरच बसल्या, आणि फोनवर मराठी शब्दकोडं उघडून म्हणाल्या, "मीटिंग नसेल तर सांगा, चार अक्षरी, 'आधार'."

"मदतनीस पाच होतात. पाठबळ?"

"बसतंय की!"

जेवणापर्यंत कोडं सोडवत होतो.

२४ नोव्हेंबर

साकेत लेस्टरहून दोन दिवस आला होता. आमचा मुलगा, युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला. आल्या आल्या म्हणाला, "बाबा, स्टोव्ह एकदम मस्त आहे, पण आजीची खोली खूप थंडी आहे."

"थंड आहे," मी म्हणालो. "थंडी असते, खोली थंड असते."

"हो, तेच. तुमची थर्मोस्टॅटला काय झाला?"

त्याच्या व्याकरणावर मी आशा सोडली आहे. पण मुलगा मायाळू. दुपारभर आजीच्या खोलीत तिच्या फोनवर काहीतरी बसवून देत होता. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "कीर्तनाचं आहे. पाहिजे तेव्हा लावता येतं, पाहिजे तेव्हा बंद." सासूबाई नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या, त्यामुळे यंत्राची भीती म्हणून नाही.

२५ नोव्हेंबर

जमलं!! वरची खोली ऊबदार! सकाळी सासूबाई माकडटोपीशिवाय खाली आल्या. मी धावत वर गेलो. खरंच! रेडिएटरला हात लावला तर चक्क गरम. बंद असलेला रेडिएटर! बसून विचार केला तेव्हा उलगडलं: स्टोव्हमागच्या भिंतीतून जुने पाइप गेले असणार. भिंत तापली, पाइपातलं पाणी तापलं, आणि गरम पाणी आपोआप वर चढलं. पंख्याची जोड मिळाली. पाइपांतून गुळगुळ आवाजही येतो. नीनाला आकृती काढून दाखवली.

ती म्हणाली, "शशी, तू खूप हुशार आहेस," आणि पटकन स्वयंपाकघरात गेली. गहिवरली असावी.

६ डिसेंबर

सगळं सुरळीत. दोन निरीक्षणं, पुढे अभ्यासाला उपयोगी पडतील.

एक. सासूबाईंना तापमान आधीच कळतं. आज फोन पाहता पाहता म्हणाल्या, "जरा जास्तच उकडतंय." थोड्या वेळात वरचे रेडिएटर खरंच निवले. वयानुसार शरीर असं संवेदनशील होत असावं.

दोन. गॅरेजमधला बॉयलर वारंवार पेटतो. सासूबाई दिवसातून किती वेळा आंघोळ करतात, हे विचारणं बरं दिसत नाही.

आमचा आता क्रमच लागलाय. सकाळी माझं 'ऑफिस', मग स्टोव्हसमोर चहा आणि कोडं, जेवण, मग त्यांची डुलकी. एक दिवस त्या म्हणाल्या, ब्रेक म्हणजे नेमकं काय तपासायचात, सांगा. सांगायला लागलो तर थांबेचना. एकदा एक आख्खी खेप मी परत पाठवली होती, साहेब ओरडले होते, आणि मीच बरोबर निघालो होतो. ते ऐकून म्हणाल्या, "म्हणजे कितीतरी गाड्या वेळेवर थांबल्या तुमच्यामुळे." असं कधी मनात आलं नव्हतं.

'तपासायचात' असं भूतकाळी का म्हणाल्या कोण जाणे. नागपुरी बोलण्याची ढब असेल.

२७ डिसेंबर

नाताळात मोहन आणि त्याची बायको मीनल जेवायला आली. मोहन चार तास आमच्या घरात होता, त्यातले दोन वरच्या खोलीत रेडिएटरला हात लावून.

"भाऊजी, हे नुसत्या लाकडावर?"

"नुसत्या."

"थर्मोस्टॅट?"

मी त्याला चिकटपट्टी दाखवली. तो गप्प. आयुष्यात पहिल्यांदा मोहन माझ्यासमोर गप्प! जेवताना म्हणाला, "मीनल, आपणही लावू या स्टोव्ह. अंडरफ्लोअर काढून टाकू."

सासूबाईंना जोराचा ठसका लागला. नीना म्हणाली, "नको रे, मोहन." मग दोघी एकदम बोलू लागल्या: धूर फार, राख फार, कंबर जाते, कपड्यांना बेकनचा वास. माझ्याच स्टोव्हची एवढी निंदा! मी दुखावलो. साकेत टेबलाखाली काहीतरी पडलं म्हणून शोधायला गेला तो बराच वेळ वर आला नाही.

मोहनने स्टोव्हचा नाद सोडला, आईचा नाही. ठरल्याप्रमाणे जानेवारीअखेर तिला न्यायला येणार. अर्धा हिवाळा. करार तो करार.

खरं म्हणजे सुटलो. त्यांची खोली मिळाली की तिथे लाकडाच्या गोण्या ठेवता येतील.

१९ जानेवारी

काही विशेष नाही. कोड्यात एक शब्द अडला. मी अर्ज करावेत असं नीना म्हणते. करीन. घरात थोडी शांतता मिळाली की करीन. सासूबाई गेल्या की शांतताच शांतता.

आज त्या बॅगेची चेन दुरुस्त करत होत्या. मी म्हणालो, द्या, मी बघतो. अजून बघितली नाही.

१ फेब्रुवारी

काल झालं ते सविस्तर लिहितो. झोप नीट लागली नाही, त्यामुळे क्रम मागेपुढे झाला तर होवो.

शनिवार. या देशात वादळांनाही माणसांसारखी नावं देतात. कालचं सकाळीच आलं आणि नाश्त्याच्या वेळेला वीज घेऊन गेलं. नीना दुकानात गेलेली. मोहन आईला न्यायला मेडनहेडहून निघालेला.

मी निर्धास्त. मोहनच्या घरात वीज गेली की लादी थंड. आमचं घर लाकडावर! स्टोव्ह भरून पेटवला, वर पंखा, त्याच्या शेजारी किटली. सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आई, काळजी करू नका, आपल्याला काही फरक पडत नाही!"

थोड्या वेळाने वर गेलो तर त्या शाल पांघरून खिडकीशी, फोन उंच धरून उभ्या.

"वायफाय नाही हो," म्हणाल्या. चेहरा उतरलेला.

"एक दिवस कीर्तन नाही ऐकलं तर काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच अपराधी वाटलं.

खोली थंड पडत होती. रेडिएटर गार. मी हिशेब मांडला: वारा उलटा आहे, धुराड्यातून उष्णता ओढली जातेय. लाकूड वाढवलं. खालची खोली भट्टी झाली, वर श्वास दिसायला लागला. शेवटी सासूबाईंना हाताला धरून खाली आणलं, त्यांची गादी आणली, सोफ्यावर पांघरुणं रचली. दार वाजलं. कीथ. त्याचं सगळं घर विजेवर. हातात दुधाची बाटली आणि घडीची खुर्ची. "शशी, मेट, तुझ्या त्या फेमस स्टोव्हजवळ बसू का?"

बसला. सासूबाईंनी मला पातेल्यात खिचडी लावायला सांगितली, स्टोव्हवर. ती शिजायला इतका वेळ लागला की भूक लागून गेली आणि पुन्हा लागली. पण झाली. कीथने तीनदा घेतली. "व्हॉट डू यू कॉल धिस?" सासूबाई म्हणाल्या, "खिचडी. फॉर सिक पीपल." "देन आय ॲम व्हेरी सिक," कीथ म्हणाला, आणि सासूबाई पदराआड हसत सुटल्या. खरं सांगतो, पाच-सहा महिन्यांत इतका बरा दिवस मला गेला नव्हता.

कीथ घर बघून येतो म्हणून गेला आणि मोहन आला. भिजलेला, गारठलेला. स्टोव्हपाशी हात शेकले, म्हणाला, "आईची बॅग आणतो," आणि वर गेला. लगेच खाली.

"भाऊजी, वर तर फ्रीज झालाय!"

"वारा उलटा आहे," मी म्हणालो.

"वाऱ्याचं नाही रे ते," सासूबाई म्हणाल्या. "लाइट नाहीत ना, म्हणून." आणि लगेच ओठ मिटले.

मी म्हणालो, "लाइट? स्टोव्हला लाइट कशाला लागतात, आई?"

पाऊस खिडकीवर आपटत होता. सासूबाई फोनकडे पाहू लागल्या. मीही पाहिलं, त्या काळ्या फोनकडे. बावीस वर्षं दोष शोधण्याचं काम केलेला माणूस मी. बॉयलर. आंघोळी. उकडतंय म्हटलं की निवणारे रेडिएटर. साकेतची ती दुपार. सगळं एकामागोमाग एक, कन्व्हेयर बेल्टवरून यावं तसं माझ्यासमोर येत गेलं.

"कीर्तन," मी म्हणालो.

"हीटिंगचं ॲप आहे," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "साकेतने दिलं लावून. फोनवरूनच चालू-बंद होतं. पट्टीला हात लावला नाही मी. तुम्ही एवढ्या हौसेने..."

मोहनला हसू आवरेना. सोफ्यावर बसून डोळे पुसत हसला. मी "लाकूड आणतो" म्हणून मागच्या दाराने शेडमध्ये गेलो. तिथे काही वेळ नुसता उभा राहिलो. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, त्या वादळात. सगळ्यांना ठाऊक. नीनाला ठाऊक. आकृती काढून दाखवली होती मी तिला!

मग हातावर ओंडके रचून परत आलो. दार ढकलायला हात मोकळा नव्हता. आतलं बोलणं ऐकू येत होतं, आणि मी थांबलो. चोरून ऐकायचं म्हणून नाही.

मोहन म्हणत होता, "हसू दे गं मला. पण आई, मग तर झालंच ना? स्टोव्हची ऊब वर येतच नव्हती. इतके दिवस चोरून हीटिंग लावत कशाला राहिलीस? चल आता."

"मी नाही येत, मोहन."

"अगं, ठरलंय आपलं."

"ठरलं होतं. तुझ्याकडे सगळं आहे रे. लादीसुद्धा गरम. पण तुम्ही दोघं सकाळी जाता. नीनाही सकाळी जाते. मी इथून गेले तर शशिधररावांनी दिवसभर बोलायचं कोणाशी?"

"त्यांना त्यांचं ऑफिस..." मोहन बोलता बोलता थांबला. म्हणजे नीनाने त्यालाही सांगितलं होतं.

"ऑफिस!" सासूबाई म्हणाल्या. "रोज इस्त्रीचा शर्ट घालून बंद मशीनसमोर बसतात, माझ्यासाठी. मला काळजी लागू नये म्हणून. असं आजवर माझ्यासाठी कोणी नाही रे केलं. त्यांच्या मीटिंगला चहा कोण नेणार? मला नेलाच पाहिजे."

माझ्या हातातला वरचा ओंडका पडला. पायावर. ओरडलो, दार उघडलं, मोहन धावला. मी म्हणालो, "लाकूड ओलं आहे." का म्हणालो, ठाऊक नाही. ते लाकूड अजिबात ओलं नव्हतं.

सासूबाईंनी हळद लावली. अंगठा सुजला, मोडला नाही. मोहन माझ्याशेजारी जमिनीवर बसला. म्हणाला, "भाऊजी, मला शिकवा पेटवायला. काड्या खाली की वर?"

"वर," मी म्हणालो. "ओंडके खाली, काड्या वर. सगळे उलटं करतात." त्याने विझत आलेल्या स्टोव्हमध्ये तीन वेळा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा जमलं. नीना बस बंद असल्यामुळे पायी आली, चिंब. आम्हाला तिघांना तसं पाहिलं. ओल्या कोटासकट आईजवळ बसली.

दिवेलागणीला वीज आली. पाइपांत गुळगुळ झाली. सासूबाईंनी फोन माझ्यापुढे केला आणि विचारलं, "किती ठेवू?"

"तुम्हाला हवं तेवढं, आई."

मोहन रिकाम्या हाताने मेडनहेडला गेला. जाताना पाया पडला. आधी आईच्या, मग माझ्या. मला सवय नाही, मी पाय मागे घेतला आणि सुजलेला अंगठा स्टोव्हच्या पाटीवर आपटला.

ता. क. पंख्याचा थोडा तरी वाटा असलाच पाहिजे. खालून हवा ढकलली जात होती, हे नाकारता येत नाही.

२ फेब्रुवारी

सोमवार. नीना गेली. मी शर्ट काढला कपाटातून, इस्त्रीही होती. परत ठेवला. जुना स्वेटर घातला, कोपरावर भोक पडलेला, आणि खाली आलो.

सासूबाई टेबलाशी. चहाचे दोन कप. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आज मीटिंग नाही?"

"नाही. नोकरीच नाही, आई. ऑगस्टपासून नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग लसूण सोला."

परात पुढे सरकवली. मी सोलायला बसलो. आणि सांगायला लागलो: केकवर माझं आडनाव चुकीचं लिहिलं होतं. कुणी वाकणीसचं वॉकर केलं होतं, आणि मी तोच तुकडा हसत खाल्ला. गाडीत बसल्यावर किल्ली कुठे लावायची ते आठवेना. घरी यायला उशीर केला, कारण दारात काय सांगायचं ते ठरत नव्हतं. हे नीनालासुद्धा सांगितलेलं नाही. सासूबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, फक्त एक गड्डा संपला की दुसरा माझ्या पुढ्यात टाकत राहिल्या.

नीना परतली तेव्हा स्टोव्ह केव्हाचा विझून राख झाला होता, आणि आम्हा दोघांच्या ते लक्षातही नव्हतं. तिने परातीकडे पाहिलं.

"एवढा लसूण? कुणाचं लग्न आहे?"

"सोलू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "अजून ऑगस्टच चालू आहे."